वाडीचं एकुलतं मत

यंदा आंबेमोहर कापणीला आला आणि त्याच आठवड्यात वडगावच्या कचेरीच्या भिंतीवर मतदारांच्या याद्या लागल्या. सकाळच्या गाडीनं मी तळेगावहून गेलो होतो. धुकं अजून रुळांवरून उठलं नव्हतं. भिंतीपाशी पंधरा-वीस माणसं उभी होती. एक जण बोट फिरवत मोठ्यानं वाचत होता आणि बाकीचे आपलं नाव यायची वाट पाहत होते. कागद नुकतेच चिकटवलेले, त्यामुळे खळीचा आंबूस वास येत होता, आणि कचेरीमागच्या खाचरातून कापलेल्या भाताचा. दोन्ही वास एकदम नाकात शिरले आणि मला तिथं उभं राहवेना. याद्या पाहायला म्हणून गेलो होतो, त्या न पाहताच स्टेशनकडे वळलो.

नऊ वर्षांपूर्वीच्या एका हंगामात हेच दोन वास मी दीड महिना अंगावर वागवले होते. त्या हंगामाची मला लाज वाटते. त्यानंतर मी सभांतून पुष्कळ बोललो, पत्रकांतून पुष्कळ लिहिलं, बेचाळीसात तुरुंगातही गेलो. सुटून आलो तेव्हा तळेगावच्या स्टेशनावर लोकांनी गळ्यात झेंडूचे हार घातले, आणि मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. तुरुंगात बराकीत माणसं एकमेकांना काय काय सांगतात! मी मात्र ही गोष्ट तिथंही कुणाला सांगितली नाही.

आमच्या घरात पत्रकं भाजीसारखी रोज येत. काकांचा तळेगावात छोटा छापखाना होता, पायानं चालवायचं एक ट्रेडल यंत्र आणि शिशाच्या खिळ्यांची चार कपाटं. मी अक्षरं शिकलो ती खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. दहाव्या वर्षी पत्रकांच्या घड्या घालायचो, पंधराव्या वर्षी मुद्रितं तपासायचो, अठराव्या वर्षी मजकूर लिहायला लागलो. माझी वाक्यं लहान असत आणि प्रत्येकाच्या शेवटी उद्गारचिन्ह. काका कपाटात बोटं घालून म्हणत, “अरे, उद्गारचिन्हं संपली. आता दोन दिवस पूर्णविरामावर भागव.” मला ते पटत नसे. जगात दोनच तऱ्हेची माणसं असतात, तत्त्वानं वागणारी आणि सवलत मागणारी, असं माझं मत होतं. मी कोणत्या तऱ्हेचा, याबद्दल मला शंका नव्हती.

त्याच्या आदल्या वर्षी, पस्तीसात, नवा कायदा आला होता. दिल्लीत संघराज्य होणार, प्रांतात निवडून आलेलं सरकार बसणार, असं त्यात होतं. संघराज्य काही आलं नाही. पण प्रांताच्या निवडणुकीसाठी नवे मतदारसंघ आखले गेले आणि आमचं मावळ शेजारच्या मुलखाबरोबर एका नव्या मतदारसंघात पडलं. काकांनी छापखान्यात नकाशा टांगला आणि निळ्या पेन्सिलीनं त्याची हद्द काढली. इंद्रायणीचं खोरं आत, पवनेचं खोरं आत, घाटमाथा आत. छापखाना बंद झाल्यावरही मी त्या रेघेकडे पाहत बसायचो. नवा देश जन्माला यावा तसं मला वाटायचं. त्या रेघेच्या आत राहणाऱ्या बहुतेकांना मतच नाही, हे कायद्याचं पुस्तक वाचल्यावर कळलं. ठरलेल्या आकड्याइतका शेतसारा भरणाऱ्याला मत. ज्याची जमीन त्याहून थोडी, त्याला नाही. पुरुषाला शिक्षणाच्या जोरावर मत हवं तर शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली हवी. बायकांसाठी मात्र एक दार जरा किलकिलं ठेवलं होतं. जिला साधं लिहिता-वाचता येतं तिला मत, फक्त तिनं मुदतीत अर्ज करायला हवा.

काकांनी कोऱ्या अर्जांचं एक पुडकं माझ्या हातात दिलं. “शिकलेल्या बायका शोध,” म्हणाले. “मिळतील तितक्या.”

आश्विन होता. डोंगरांच्या अंगावर सोनकी पिवळीधमक फुलली होती आणि खाली हळवं, लवकर पिकणारं भात कापायला आलं होतं. कामशेतला उतरायचं, एका बाजूनं गावं घेत जायचं, कार्ल्याला भाकरी खायची, संध्याकाळी लोणावळ्याला पोचायचं. बांधांवरून चालताना पाय दवानं भिजायचे आणि धोतराचा काठ घोट्याला चिकटायचा. कापणीवरच्या बायका वाकलेल्या असत, त्यांच्या विळ्यांचा एका लयीतला चर्र-चर्र आवाज यायचा, आणि मी बांधावर उभा राहून विचारायचो, “तुमच्यात कुणाला लिहिता-वाचता येतं का?” विळे थांबायचे. मग हसणं सुरू व्हायचं. एकदा एक म्हातारी म्हणाली, “विळा धरता येतो. चालंल का?” मी माझ्या वहीत त्या गावापुढे शून्य लिहिलं. आज वाटतं, बांधावरून उतरून एक पेंढी तरी बांधायला हवी होती. तेव्हा ते सुचलं नाही. माझ्या वहीत पेंढ्यांचा रकाना नव्हता.

अशी सोळा-सतरा गावं झाल्यावर मी लोणावळ्याच्या अंगाला, तळ्यावरच्या एका वाडीत पोचलो. वाडीला नाव नव्हतं. वीज काढण्यासाठी धरण झालं तेव्हा तिथलं गाव पाण्याखाली गेलं, माणसं वरच्या माळावर येऊन राहिली, आणि जुन्या गावाचं नाव वर आणायचं कुणाला सुचलं नाही. सगळे नुसतं ‘नवी वाडी’ म्हणत. वीस-बावीस घरं. प्रत्येकाकडे उतारावरचा एखादा तुकडा, नाचणी-वरईपुरता. सारा इतका थोडा की वाडीतल्या एकाही पुरुषाला मत नव्हतं. घाटातून विजेवरच्या गाड्या गुणगुणत जात, त्यांचा आवाज त्या माळावर ऐकू यायचा. वाडीकरांच्या शेतावरच्या पाण्यावर त्या धावत होत्या, आणि निळ्या रेघेच्या आत असूनही ती वाडी मोजणीत कुठंच नव्हती.

तिथं मला गोदाबाई भेटल्या.

तिशीतली बाई. काळीसावळी, काटक, बोलताना डोळे बारीक करायची सवय. मी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा कुणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. मी पिशवीतून एक पत्रक काढून पुढे केलं. त्यांनी हात लुगड्याला पुसले, पत्रक हातात घेतलं आणि वाचायला लागल्या. अडखळत होत्या, पण वाचत होत्या. पत्रक मीच लिहिलेलं होतं. एका शब्दापाशी थांबल्या.

“स्वयंनिर्णय म्हंजी काय, भाऊ?”

मी तिथल्या तिथं व्याख्यान दिलं. युरोपपासून सुरुवात केली. बराच वेळ बोललो. संपल्यावर त्यांचा नवरा, गेनबा, इतका वेळ दारात बसून दोर वळत होता तो म्हणाला, “म्हंजी आपलं आपुन ठरवायचं.”

“हां, तसंच,” मी म्हणालो. जरासा हिरमुसून.

त्या कुठं शिकल्या ते मी विचारलं. धरणाचं काम चालू होतं तेव्हा त्या आईबरोबर दगड वाहायला जात, आठ-नऊ वर्षांच्या. कामावरचा हजेरीवाला कधीकधी आईचं नाव लिहायलाच विसरायचा आणि दिवस बुडायचा. “म्हून मी त्येच्या खांद्यावरनं बगायचे,” गोदाबाई म्हणाल्या. “आईचं नाव कसं दिसतंय ते पाठ केलं. मंग शेजारनीचं. मंग सगळ्यांचं. येक दिवस आई न्हवती लिवलेली, मी वरडले. त्यो दचाकला बगा! म्हनला, हिला कुनी शिकीवलं?” पुढे त्या काहीही वाचत गेल्या, मिठाच्या पुड्या, रॉकेलचे डबे, स्टेशनावरच्या पाट्या. लिहायला शिकल्या कोळशानं, चुलीमागच्या भिंतीवर.

वाडीत त्या दिवशी लग्नघरासारखी गडबड उडाली. मत म्हणजे काय, ते कुठं द्यायचं, दिल्यावर काय होतं, सगळं मला पुन्हापुन्हा सांगावं लागलं. वाडीतला सर्वांत म्हातारा माणूस धोंडूआबा. तळ्याखालच्या गावात त्याची चार खाचरं होती. तो काठी टेकत आला आणि माझ्यासमोर बसला.

“म्हंजी सगळ्या वाडीत मिळून हिला येकलीलाच मत?”

“हो, आबा.”

“मंग तिला नीट समजावा. आमचं गाव कुटं हाय ते त्या मुंबैवाल्यांना ठाव न्हाई. निवडून येनाऱ्याला हिनं म्हनावं, आधी हितं ये, पान्यात वाकून बग, मंग मत.”

गेनबा म्हणाला, “आबा, मत गुपचूप टाकायचं असतंय. बोलायचं न्हाई.”

“मंग टाकताना मनात म्हन गं,” आबा गोदाबाईंकडे वळून म्हणाला. सगळे हसले. पण नंतर तो किती वेळ तसाच बसून होता, तळ्याकडे तोंड करून.

चारच दिवस मुदत उरली होती आणि त्या बाजूला पुन्हा यायला मला सवड नव्हती. मी अर्ज काढला. दौत-टाक माझ्या पिशवीत असे. एका घराच्या ओट्यावर पाट मांडला. गोदाबाई बसल्या. भोवती सगळी वाडी. त्यांनी आपलं नाव लिहिलं, मोठमोठ्या अक्षरांत, टाक दाबून. वय लिहिलं. गावाच्या रकान्यात थांबल्या, आबाला विचारलं, आणि पाण्याखालच्या गावाचं नाव लिहिलं. पुढचा रकाना नवऱ्याच्या नावाचा होता.

त्यांनी टाक खाली ठेवला.

“हे तुमी लिवा, भाऊ.”

“का?”

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मला कळलं. आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव उच्चारत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या आईनंही वडिलांचं नाव कधी घेतलं नाही. पण मी दोनच महिन्यांपूर्वी त्याच चालीवर एक पत्रक लिहिलं होतं, नऊ उद्गारचिन्हांचं. मी म्हणालो, “अर्ज तुमच्या हातचा हवा. सगळाच्या सगळा. मी लिहिलं तर ती लबाडी होईल. आणि नाव लिहिल्यानं कुणाचं आयुष्य कमी होत नाही.”

“त्ये न्हाई वो,” गोदाबाई म्हणाल्या. “आयुष्याचं न्हाई. ह्यांच्याम्होरं कसं...”

“तुम्ही वाचता, लिहिता, आणि अजून असल्या गोष्टी धरून बसता?”

गेनबा दोर वळायचा थांबला होता. “लिव की,” तो म्हणाला. “मी तिकडं बगतो.” आणि खरोखरच पाठ फिरवून बसला. त्यावर वाडीत जो हशा उठला तो मला आज या क्षणी ऐकू येतो. एक शेजारीण ओरडली, “अगं, लग्नात घेतलंवतंस की भरल्या मांडवात! तसं घे!” दुसरी म्हणाली, “व्हय, उखान्यात घेतलं की चालतंय!”

गोदाबाईंनी डोळे बारीक केले. थोडा वेळ ओठ हलत राहिले. मग त्यांनी टाक उचलला आणि लिहायला लागल्या. रकाना संपला, त्या समासात गेल्या, तिथून खाली उतरल्या. लिहून झाल्यावर त्यांनी कागद फुंकला आणि माझ्याकडे दिला. नवऱ्याच्या नावाच्या रकान्यात लिहिलं होतं:

शेत गेलं तळ्यात, घर आलं माळाला,
गेनबारावांचं नाव लिवते मताच्या येळाला.

आज मला या दोन ओळी पाठ आहेत. मी लिहिलेलं एकही पत्रक मला पाठ नाही. त्या दिवशी मी तो कागद मोठ्यानं वाचला नाही, नुसता डोळ्याखालून घातला. नवा मतदारसंघ, निळी रेघ, इतक्या लोकांनी भोगलेल्या शिक्षा, आणि त्या सगळ्यानंतर मिळालेल्या पहिल्या कागदावर उखाणा? लग्नातला खेळ? मला वाटलं, ही थट्टा आहे. माझीसुद्धा.

“हे चालणार नाही,” मी म्हणालो. “हा सरकारी कागद आहे. मंडपातली पाटी नाही.”

“नाव हाय की त्यात,” त्या म्हणाल्या.

“नीट लिहा म्हटलं तर नीट लिहायचं. असा अर्ज बाद होतो.”

“नीटच लिवलंय, भाऊ.”

“अहो, बाद म्हणजे बाद!”

दुसरा कोरा अर्ज पुडक्यात होता. तो काढून द्यायला किती वेळ लागला असता? मी दिला नाही. त्या पुन्हा तेच करतील असं मी मनाशी म्हणालो, पण खरं ते नव्हतं. मला त्यांना धडा द्यायचा होता. मी कागदाची घडी करून पिशवीत टाकली आणि उठलो. हसणं केव्हाच थांबलं होतं. धोंडूआबा म्हणाला, “मास्तर, येवढं काय झालं? तिनं लिवलंय ना?” मी माळ उतरलो. उतरताना मागून गेनबाचा आवाज आला, हलका, समजावणीचा. तो काय म्हणत होता ते ऐकू आलं नाही.

मला पुष्कळदा वाटतं, लाज ही एका घावात येत नसावी. त्या संध्याकाळी लोणावळ्याला पोचेपर्यंत मी खुशीत होतो. तत्त्वासाठी कठोर झालो, असं मला वाटत होतं. स्टेशनसमोरच्या दुकानात चहा पिताना मी ही हकिगत दोघातिघांना सांगितली, आणि ते हसले. मीही हसलो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी वडगावच्या कचेरीत गेलो. बावीस अर्ज जमले होते. ते एकामागून एक मोजून दिले. गोदाबाईंचा अर्ज त्याच पिशवीत, उरलेल्या पत्रकांखाली होता. माझा हात त्याला लागलादेखील. मी तो बाहेर काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पोचपावती घ्यायला पुन्हा गेलो. याद्यांचं काम पाहणारे एक वयस्कर कारकून होते, सगळे त्यांना बापू म्हणत. भला माणूस, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. काम संपल्यावर, गंमत म्हणून, अगदी गंमत म्हणूनच, मी तो कागद त्यांच्यापुढे टाकला. “बापू, हे बघा आमचे मतदार!”

बापूंनी चष्मा सारखा केला. वाचलं. हसले नाहीत. पुन्हा वाचलं.

“काल का नाही दिलात?”

“हा? यात तर उखाणा आहे.”

“असेना का. बाईचं नाव आहे, वय आहे, गाव आहे. नवऱ्याचं नाव काय? गेनबा. आहे की त्यात.” त्यांनी टाकाचं मागचं टोक त्या ओळीवर हलकेच टेकवलं. “बाईला लिहिता येतं एवढंच आम्हाला पाहायचं होतं. इतकं चांगलं लिहिलेलं या टेबलावर दुसरं आलेलं नाही. काल दिला असतात तर घेतला असता.”

“आता?”

“आता मुदत संपली हो.”

त्यांनी तो कागद परत दिला नाही आणि मी मागितला नाही. बाहेर आलो तर खाचरात झोडणी चालली होती. फळीवर पेंढ्या आपटल्या जात होत्या, धप्, धप्. तो आवाज स्टेशनापर्यंत माझ्या मागं आला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी स्वतःला तापट म्हटलं असतं, अविचारी म्हटलं असतं, आणि कधीतरी माफही केलं असतं. पण त्या बावीस अर्जांत एक अर्ज लोणावळ्याच्या काकूंचा होता. काकू म्हणजे बंगल्यांची कंत्राटं घेणाऱ्या एका सधन गृहस्थांची बायको. त्यांनी आमच्या उमेदवाराला प्रचारासाठी आपली मोटार द्यायची कबूल केली होती. त्यांच्या दिवाणखान्यात मी अर्ज काढला तेव्हा काकूंचा भाचा म्हणाला, “मी लिहून ठेवतो, मामी कामात आहे.” त्यानं वळणदार अक्षरात सगळा अर्ज लिहिला. मामाचं नावही लिहिलं. काकू एकदाच बाहेर आल्या, करंज्यांचं ताट घेऊन. हाताला पीठ होतं. त्यांना लिहिता येत नाही, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि मलाही. अर्जाच्या तळाशी साक्षीदाराची जागा होती. ‘अर्जदार बाईंनी हा अर्ज माझ्यासमक्ष स्वहस्ते लिहिला.’ मी तिथं सही केली. करंजी खाल्ली. ती वाडीवर जाण्याच्या सहाच दिवस आधीची गोष्ट.

माझं तत्त्व डोंगर चढून वाडीवर गेलं होतं. दिवाणखान्यात ते चपलांपाशी थांबलं होतं.

माघात मतदान झालं. काकू मोटारीतून आल्या, शालू नेसून. मी दार उघडलं. आत काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं, घाबरल्या होत्या, माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “तू सांग रे, कुठं टाकू?” मी त्यांना धीर दिला. त्यांचा काही दोष नव्हता. मी दिवसभर रस्त्याकडे पाहत होतो. वाडीचं कुणी आलं नाही. आणि मला बरं वाटलं. खोटं का सांगू, सुटल्यासारखं वाटलं. आमचा उमेदवार निवडून आला, गुलाल उडाला, काकांनी ट्रेडलला हार घातला. रात्री घरी आल्यावर आईनं विचारलं, “जेवायचं नाही का?” मी म्हणालो, दमलोय.

मग वर्षं गेली. बापूंनी सांगितलेली गोष्ट वाडीवर जाऊन सांगायची, एवढंच तर होतं. तळेगाव ते लोणावळा गाडीनं तासाभराचं अंतर. पण दर हंगामात मला काही ना काही काम निघायचं. लढाई आली. सभा आल्या. तुरुंग आला. देशासाठी मी कुठंही जायला तयार होतो, तेवढा एक माळ चढायला नव्हतो. पत्रकांत मी ‘जनता’ हा शब्द किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. लिहिताना दर वेळी मनात एक ओटा यायचा, पाट, दौत, आणि डोळे बारीक केलेली एक बाई. मी पुढचं वाक्य घाईनं लिहायचो.

परवा वडगावहून परतलो, रात्रभर झोप लागली नाही. नाव घालायच्या अर्जांची मुदत अजून संपली नव्हती. काल सकाळी नव्या अर्जांचं पुडकं घेतलं आणि गेलो.

माळ तसाच आहे. घरं तेवढीच, पत्रे थोडे वाढलेत. धोंडूआबा गेला, मी तुरुंगात होतो त्या पावसाळ्यात. गोदाबाई अंगणात वरई पाखडत होत्या. केस पिकलेत. गेनबाला दमा झालाय, तो ओट्यावर उन्हाला बसला होता. त्यांनी मला लगेच ओळखलं.

“या, भाऊ, या! सुटलात म्हनं. लय हाल केलं का तितं?” गोदाबाईंनी घोंगडी अंथरली. पाणी दिलं. गूळ दिला. मी घोंगडीवर न बसता उभ्याउभ्याच सांगितलं, नाही तर पुन्हा राहिलं असतं.

“गोदाबाई, तुमचा तो अर्ज बाद झाला नव्हता. मी तो दिलाच नाही. नंतर कचेरीतल्या माणसानं सांगितलं, चालला असता.”

गेनबाचा खोकला थांबला. “दिलाच न्हाई?”

“नाही.”

गोदाबाईंनी सूप खाली ठेवलं. “आमाला वाटलं, सरकारनं फेकला.” त्यांनी हातावरचा कोंडा झटकला. “म्हंजी त्ये बराबर व्हतं?”

“बरोबर होतं. सगळं.”

“आन् मी म्हनायची माझंच चुकलं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोसला असता. “माझी धाकटी माझ्या मागं लागायची, आये, मला शिकीव, आये, मला शिकीव. मी म्हनायची, बाई, मला कुटं येतंय? मी लिवलेलं चालत न्हाई. चुलीमागच्या भित्तीवर पोतेरं फिरीवलं. औंदा तिला पवनंकडं दिली. तिला तिचं नाव लिवता येत न्हाई.”

गेनबा म्हणाला, “जाऊ द्या. भाऊ मुद्दाम सांगाया आलं, ह्येच लय झालं.” त्यानं हे मला वाचवायला म्हटलं, आणि मी आणखी खाली गेलो.

मी पिशवीतून कोरा अर्ज काढला. नवा पेन काढला, आता टाक-दौत लागत नाही. मी म्हणालो, “या खेपेला मी स्वतः नेऊन देतो. तुमच्यासमोर देतो, हवं तर माझ्याबरोबर या.” गोदाबाईंनी नको म्हटलं नाही. हात लुगड्याला पुसले, सूप उलटं करून त्यावर कागद ठेवला. नाव लिहिलं. अक्षरं लहान झाली होती, एकमेकांना चिकटलेली. वय लिहिलं. गावाच्या रकान्यात ‘नवी वाडी’ लिहिलं. मग नवऱ्याच्या नावाच्या रकान्यावर पेन टेकवून त्या थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

“सांगा, भाऊ. हितं काय लिवू?”

“तुम्हाला वाटेल ते लिहा,” मी म्हणालो. “उखाणा लिहा. काहीही लिहा. चालतं.”

त्यांनी मान हलवली. पेन तसाच टेकलेला होता, शाईचा ठिपका पसरत होता.

“नगं, भाऊ. पुन्यांदा चुकंल. तुमी सांगाल तसं लिवते.”